दस्तगीरचं युनिक्स आणि माझी पोटदुखी

मत्सर हा शब्द मी पुस्तकातून शिकलो. आमच्या मुरगुडात तो कुणी वापरत नाही. दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नसलं की तिथं सरळ म्हणतात, ‘ह्याच्या पोटात दुखतंय.’ माझ्या पोटात काही वर्षं दुखलं. कारण सांगितलं तर आजची मुलं हसतील. कारखान्यातल्या कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टीम बदलायची की आहे तीच ठेवायची, एवढाच प्रश्न होता. ती बदलू नये म्हणून मी जे केलं, ते नोकरीत असेपर्यंत तिघांनाच माहीत होतं. त्यांतले एक, आमचे मालक, आता नाहीत. दुसरा पुण्यात असतो. तिसरा मी. तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

आमचा कारखाना कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतीत होता. शेतीपंपाची डिझेल इंजिनं तयार व्हायची. इंजिन विकलं म्हणजे काम संपलं असं होत नाही. ते पंधरा-वीस वर्षं विहिरीवर नाहीतर नदीकाठी राबतं, झिजतं, तुटतं आणि मग त्याला सुटे भाग लागतात. मोठ्या क्रँकशाफ्टपासून करंगळीच्या नखाएवढ्या पिनेपर्यंत हजारो भाग. कोणता भाग कोणत्या इंजिनाला बसतो, तो शिल्लक आहे का आणि कोठारात कोणत्या फळीवर आहे, हे सांगणं माझं काम.

पूर्वी हे सगळं कार्डांवर असायचं. ऐंशी सालानंतर दोन-तीन वर्षांनी मालकांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, एक कॉम्प्युटर आणला. टायपिंग येतं आणि डोकं शांत आहे, एवढ्या गुणांवर मला त्याच्यापुढं बसवलं. सोबत आलेली पुस्तकं इंग्रजीत. मी शब्दकोश मांडीवर घेऊन ती वाचली आणि सहा-सात महिन्यांत सुट्या भागांचा सगळा प्रोग्रॅम स्वतः लिहिला. तो पहिल्यांदा नीट चालला तेव्हा मी खोलीचं दार लावून घेतलं आणि एकटाच हसत बसलो.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय, हे मला तेव्हा बरेच जण विचारायचे. मशीन आणि तुमचा प्रोग्रॅम यांच्या मधला तो कारभारी. कोणती माहिती डिस्कवर कुठं ठेवायची, ती परत कशी काढायची, कळफलकावर काय दाबलं, छापायला काय पाठवायचं, हे सगळं तो बघतो. आमच्या मशीनवरच्या सिस्टीमचं नाव होतं सीपीएम. नाव ऐकून युनियनचे एक कार्यकर्ते खुशीत आले होते. त्यांना वाटलं पक्षाचं काहीतरी आहे. सीपीएम साधी आणि चिवट. दोन फ्लॉपी, म्हणजे माहिती साठवायच्या पातळ चकत्या, घालायच्या, काम करायचं, फ्लॉपी काढून पाकिटात ठेवायच्या. पण ती एका वेळी एकाच माणसाचं ऐकायची. आणि तो माणूस मी होतो.

आता दस्तगीरबद्दल सांगतो. दस्तगीर मुजावर, कुरुंदवाडचा. त्याचे वडील गावात इंजिन दुरुस्तीचं काम करायचे, त्यामुळं लहानपणापासून त्याचे हात तेलातच. आम्ही दोघं एकाच आठवड्यात कारखान्यात लागलो. पहिलं वर्षभर शाहूपुरीत एका खोलीत राहिलो, एकमेकांचे डबे खाल्ले. मी त्याला दस्तगीर म्हणायचो, तो मला आनंदा. तो कोठारात खिडकीवर आणि मी कॉम्प्युटरच्या काचेच्या खोलीत. कॉम्प्युटरवर त्याला पहिली कमांड मी शिकवली. डिस्कवरची नावं भराभरा पडद्यावर उतरली तेव्हा तो म्हणाला, “ह्यो तर हजेरी घ्यायला लागलाय की.”

एकदा कागलकडचा एक म्हातारा शेतकरी खिडकीशी आला. पिशवीतून लोखंडाचा तुटका तुकडा काढून म्हणाला, “पावणं, ह्येचा जोडीदार द्या.”

मी माझ्या खोलीच्या दारातून म्हणालो, “इंजिनाचा नंबर सांगा.”

“नंबर घासून गेलाय. हिरवं इंजान हाय. पोरगी जल्मली त्या वर्साला घेतलं. आता तिला पोरगी झाली.”

मी कामाला लागलो. किती हॉर्सपॉवर, हवेनं गार होतं की पाण्यानं, हे त्याला विचारत एक फ्लॉपी घातली, ती काढून दुसरी घातली. जुना नंबर सापडला. तो बंद होऊन त्याच्या जागी कोणता नवीन भाग बसतो, तेही मशीननं सांगितलं. मी विजयानं मान वर केली तर म्हाताऱ्याच्या हातात तेलकट कागदात गुंडाळलेला नवा भाग होता. दस्तगीरनं तुटका तुकडा तळहातावर एकदा तोलला होता आणि आत जाऊन थेट फळीवरून त्याचा जोडीदार आणला होता.

म्हातारा म्हणाला, “तुमच्या पेटीपरास ह्या पावण्याचा हात चलाख हाय.”

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी जाऊन बायकोला, सुमनला, तो किस्सा सांगताना मी दस्तगीरचा भाग गाळला. मशीननं सहा मिनिटांत कसं शोधलं एवढंच सांगितलं.

दिवाळीनंतर शेतीचे पंप सुरू झाले की आमच्याकडं गर्दी व्हायची. कोठाराला खिडक्या चार, कळफलक एक. खिडकीवरचा माणूस चिठ्ठीवर भागाचं नाव लिहायचा, चिठ्ठी माझ्याकडं यायची, मी बघून उत्तर लिहायचो, चिठ्ठी परत जायची. निपाणीपासून चिपळूणपर्यंतचे विक्रेते बाकावर ताटकळायचे. लोक म्हणायचे ह्याच्यावर काहीतरी उपाय काढा. मीही मान डोलवायचो. खरं सांगतो, मला ती रांग आवडायची. काचेतून बाहेर बघितलं की सगळ्यांचे डोळे माझ्याकडं असायचे.

त्या रांगेवरचा उपाय पुण्याहून कॉम्प्युटरचा एक विक्रेता घेऊन आला. मोठं मशीन, त्याला चार टर्मिनल, म्हणजे चार पडदे आणि चार कळफलक, आणि वर युनिक्स नावाची सिस्टीम. ती एका वेळी अनेकांचं ऐकते. प्रत्येक खिडकीवर एक टर्मिनल ठेवायचं, चिठ्ठीचं कामच नाही. मशीन काही महिने चालवून बघा आणि मग ठरवा, असं त्यानं अण्णांना सांगितलं. मात्र कारखान्यातला एक माणूस सहा आठवडे पुण्याला शिकायला पाठवावा लागेल.

मी मनात कपड्यांची बॅग भरून ठेवली होती. अण्णांनी मला बोलावलं आणि म्हणाले, “चौगुले, तुम्हालाच धाडणार हुतो. पण तुम्ही गेलासा तर हितलं मशीन कोण चालवणार? तुमच्याशिवाय कुणाला येत न्हाय. दस्तगीरला धाडतो.”

माझ्याशिवाय कुणाला येऊ नये ह्याची काळजी मीच घेतली होती. तक्रार कुणाकडं करणार?

सहा आठवड्यांनी दस्तगीर परत आला तो दोनशे पानी वही भरून. सगळं मराठीत, स्वतःच्या शब्दांत. त्या वहीवरून त्यानं कोठारातल्या चौघांना शिकवायला सुरुवात केली. भागांचा प्रोग्रॅम त्यानं नव्यानं लिहिला. माझ्यापेक्षा आखूड. रोज दुपारी तो माझ्या खोलीत येऊन विचारायचा, “आनंदा, बंद झालेल्या नंबराचं तू कसं केलतंस?” मी सांगायचो, पण अर्धंच. उरलेलं अर्धं तो दुसऱ्या दिवशी स्वतः शोधून यायचा आणि मला दाखवायचा, जणू मलाही आनंद होईल.

काचेतून मला त्याची खिडकी दिसायची. लोक त्याच्याभोवती उभे असायचे. पूर्वी वर्कशॉपमधला कुणी जाता-येता माझ्या दारात थांबून ‘काय चौगुले, काय म्हणतंय मशीन?’ विचारायचा, तो आता सरळ पुढं जायचा. मी युनिक्सचे दोष एका कागदावर लिहायला घेतले. त्यात एक दोष खराच मोठा होता. सीपीएमवर लिहिलेलं जवळजवळ लगेच फ्लॉपीवर जायचं. युनिक्स मात्र लिहिलेलं काही वेळ मेमरीत धरून ठेवायचं आणि सवडीनं डिस्कवर उतरवायचं. त्यामुळंच ते वेगानं चालायचं. पण मध्येच वीज गेली तर मेमरीतलं सगळं पुसलं जाणार आणि डिस्कवरची मांडणीही विस्कटणार. बंद करण्याआधी त्याला रीतसर सांगावं लागायचं. वीज गेल्यावरही काही वेळ मशीन चालू ठेवणारी बॅटरीची पेटी पुण्याहून अजून यायची होती. दस्तगीरला हे माहीत होतं. म्हणून रोज सकाळी आल्यावर तो वीज मंडळाची काही सूचना आहे का, हे मला विचारायचा.

कारण त्या सूचना माझ्याकडं यायच्या. लाईन दुरुस्तीसाठी वीज बंद राहणार असली की मंडळाची चिठ्ठी हजेरी बघणाऱ्या टाईम ऑफिसात येई आणि तिच्या प्रती तीन ठिकाणी जात: फाउंड्री, मशीन शॉप आणि कॉम्प्युटरची खोली. कोठाराला विजेचं तसं काम नव्हतं, त्यामुळं तिथं प्रत जात नसे.

अण्णांनी ठरवलं की गुरुवारी साडेदहाला ते स्वतः नवं मशीन बघायला येतील. चार विक्रेत्यांनाही बोलावलं. त्यानंतर माझं मत विचारून निर्णय. मधले दोन-तीन दिवस ते मुंबईला होते.

सोमवारी चिठ्ठी आली. गुरुवारी अकरा ते दोन वीज बंद.

मी ती वाचली आणि टेबलाच्या खणात ठेवली. त्या वेळी मी काही ठरवलं नव्हतं. दस्तगीर आला की सांगू, असंच मनात होतं. मंगळवारी तो आला तेव्हा घाईत होता, त्यानं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. बुधवारी त्यानं विचारलं.

“आनंदा, उद्याची काय चिठ्ठीबिठ्ठी न्हाय न्हवं?”

“न्हाय,” मी म्हणालो.

एक शब्द. तो म्हणायला मला काहीही कष्ट पडले नाहीत, हे मला अजून आठवतं.

गुरुवारी सकाळी दस्तगीर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता. साडेदहाला अण्णा आले. चारही खिडक्यांवर काम सुरू झालं. मी बाजूला हाताची घडी घालून उभा होतो. निपाणीच्या विक्रेत्यानं पहिल्या खिडकीवर एक पिस्टन मागितला आणि त्याच क्षणी सांगलीच्या विक्रेत्यानं तिसऱ्या खिडकीवर तोच मागितला. कोठारात एकच शिल्लक होता. निपाणीकराला तो मिळाला आणि तिसऱ्या खिडकीच्या पडद्यावर लगेच उमटलं: शिल्लक नाही, आत्ताच गेला.

अण्णा म्हणाले, “आयला, हे बरंय.”

मला प्रोग्रॅम लिहिता येतो, त्यामुळं ती गोष्ट किती अवघड आहे, हे त्या खोलीत दस्तगीरखालोखाल मलाच समजलं. दोन माणसांनी एकाच वेळी एकच नोंद बदलू नये, अशी व्यवस्था त्यानं केली होती. फार सुंदर केली होती. ती बघून माझं तोंड कडू झालं. अकराला दहा मिनिटं कमी असताना मी माझ्या खोलीत गेलो, सीपीएमची फाईल बंद केली, फ्लॉपी काढून पाकिटात घातल्या आणि परत येऊन जागेवर उभा राहिलो. तेव्हाही मला बोलता आलं असतं. दहा मिनिटं पुष्कळ असतात.

अकरा वाजून गेले आणि चारही पडदे एकदम काळे झाले. वरचे पंखे गरगरत हळूहळू थांबले. मशीन शॉपनं जनरेटर तयारच ठेवला होता. थोड्या वेळात आमच्याकडं वीज आली. दस्तगीरनं मशीन चालू केलं. पडद्यावर एकामागून एक ओळी यायला लागल्या. डिस्कवरचा हा तुकडा कुणाचा आहे कळत नाही, काढून टाकू का? ही फाईल अर्धवट आहे, काढून टाकू का? दस्तगीर प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत होता. पांढरा शर्ट पाठीला चिकटला होता. पाऊण तास गेला. मशीन उठलं तेव्हा सकाळच्या बऱ्याच नोंदी नाहीशा झाल्या होत्या. निपाणीकरानं नेलेला पिस्टन पडद्यावर परत शिल्लक दिसत होता.

निपाणीकर म्हणाले, “दस्तगीर, पिस्टन माझ्या पिशवीत हाय की रे.”

कुणी हसलं नाही. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. “चौगुले, तुमचं मत काय?”

मी म्हणालो, “अण्णा, सिस्टीम चांगली हाय. पण आपल्याकडं वीज जाती. आपल्याकडं ती टिकायची न्हाय.”

ह्यात एकही शब्द खोटा नव्हता. अण्णांनी नव्या मशीनवर कापड टाकायला सांगितलं आणि चिठ्ठ्यांची पद्धत पुन्हा सुरू झाली.

त्याच दिवशी संध्याकाळी सुटायच्या वेळी दस्तगीर माझ्या खोलीत आला. बसला नाही.

“मशीन शॉपात गेलतो,” तो म्हणाला. “त्येंच्याकडं चिठ्ठी सोमवारीच आलती.”

मी टेबलावरची पाकिटं सरळ करत राहिलो.

“आणि तुमच्या फ्लॉप्या, चौगुले, वीज जायच्या आधीच पाकिटात हुत्या. मी बघितलं.”

एवढं बोलून तो गेला. त्या दिवसापासून आनंदा गेला आणि चौगुले आला, तू गेलं आणि तुम्ही आलं. ते पुन्हा कधी बदललं नाही. मला वाटलं, तो आता अण्णांकडं जाईल. मी उत्तरं तयार करून ठेवली. तो गेला नाही. खिडकीवर बसून मुकाट्यानं चिठ्ठ्या लिहीत राहिला, आणि त्याचाही मला राग यायला लागला. तो माझ्यापेक्षा चांगला प्रोग्रॅम लिहितो हे मी कसंबसं गिळलं असतं. तो माझ्यापेक्षा चांगला माणूसही निघावा, हे फार झालं.

सुमनला मी काही सांगितलं नव्हतं. पण एकदा जेवताना ती म्हणाली, “अहो, दस्तगीरभावजी हल्ली येत न्हाईत. आणि तुम्ही त्येंचं नाव निघालं की पाणी पिता.”

पुढच्या हंगामात माझ्या पुतणीचं लग्न मुरगुडात होतं. मी दोन दिवसांची रजा घेतली आणि हाताखालच्या कारकुनाला फ्लॉपीची रोजची नक्कल कशी काढायची ते कागदावर लिहून दिलं. रोज संध्याकाळी ताज्या फ्लॉपीवरचं जुन्या फ्लॉपीवर उतरवायचं. त्यानं उलट केलं. जुन्या फ्लॉपीवरचं ताज्या फ्लॉपीवर उतरवलं, आणि चूक कळल्यावर घाबरून आठवड्यापूर्वीची राखीव फ्लॉपी त्या दोन्हींवर उतरवली. आठवडाभराच्या नोंदी गेल्या. सीपीएमनं त्याला काही विचारलं नाही. ती सांगेल तसं करणारी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी लग्नाच्या पंगतीत मी वाढत असताना कारखान्याची जीप मांडवाशी येऊन उभी राहिली. नातेवाइकांत माझा रुबाब वाढला, हे कबूल करतो. आमच्याशिवाय कारखाना चालत नाही, असा चेहरा करून मी फेट्यासकट जीपमध्ये बसलो.

कारखान्यात पोचलो तर गर्दी नव्हती. बाकावर दोन-तीन विक्रेते चहा पीत होते. दस्तगीरनं सकाळी येऊन प्रत्येक फळीवर पाटी लटकवली होती, चौघांना घेऊन मोजणी सुरू केली होती आणि जुनी कार्डं पोटमाळ्यावरून खाली काढली होती. जो भाग मागितला जाईल तो मोजून द्यायचा आणि कार्डावर लिहायचा. कोणती फळी कुठं, हे त्याला पाठच होतं. माल वेळेत जात होता. मला करायला काही शिल्लक नव्हतं. मी फेटा काढून हातात धरला आणि उभा राहिलो.

अण्णांनी आत बोलावलं.

“चौगुले, एक माणूस लग्नाला गेला की कोठार बंद पडतंय, अशी तुमची सिस्टीम. आणि दुसरी वीज गेली की मरती, असं तुम्ही म्हणालतासा. मग मी करू काय?”

आता मी धाडस केलं असं म्हणता येणार नाही. मी थकलो होतो. ज्या माणसाला मी पाडलं होतं तो खाली फळ्या मोजत होता, आणि माझ्यावाचून सगळं चाललं होतं. मी खोलीत गेलो, खणातून वीज मंडळाची ती चिठ्ठी काढली आणि अण्णांपुढं ठेवली. तारीख आणि वेळ त्यांनी दोनदा वाचली.

“ही तुमच्याकडं आलती?”

“व्हय.”

“आणि दस्तगीरला सांगितलं न्हाईसा.”

“त्यानं विचारलं हुतं. मी न्हाय म्हणालो.”

अण्णांनी चिठ्ठीची घडी घातली. मग म्हणाले, “त्येला ठावं हाय?”

“त्याच दिवशी कळलं.”

“मग त्येनं मला का न्हाय सांगितलं?”

उत्तराची वाट न बघता अण्णा म्हणाले, “मी तुम्हाला काढत न्हाय. काढलं तर तुम्ही सुटलासा. बॅटरीची पेटी मागवतो, कापड काढायला सांगतो. सोमवारपासनं दस्तगीर तुमचा साहेब. जे येत न्हाय ते त्याच्याकडनं शिका.”

शिकलो. माझ्याहून दोन महिन्यांनी लहान असलेल्या माणसाच्या शेजारी बसून, त्याच्या मराठी वहीवरून. लोकांना वाटलं, नवीन मशीन आलं म्हणून माणसं बदलली. दस्तगीरनं कुणाला काही कळू दिलं नाही. माझ्याशी तो नीट वागायचा, कामापुरतं बोलायचा. दहा मिनिटांच्या आत चारही खिडक्या मोकळ्या होऊ लागल्या आणि बाक कोठारातून हलवून कॅन्टीनला दिला.

माझं पोट काही बरं झालं नाही. जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्या प्रोग्रॅमचे कागद घेऊन बसायचो आणि ओळ न् ओळ तपासायचो. चूक सापडावी म्हणून. सहा महिन्यांनी एक सापडली. दोघांनी एकेक नोंद धरून ठेवली आणि प्रत्येकाला दुसऱ्यानं धरलेली नोंद हवी असली, तर दोघेही कायमचे थांबून राहतील. मी ती सगळ्यांसमोर त्याला दाखवली. तो वाकून बघत राहिला. मग सरळ होऊन म्हणाला, “हे मला वर्षभर दिसलं नसतं. बरं झालं चौगुले हाईत.” आणि लगेच दुरुस्त करायला बसला. त्या दिवशी मी जेवलो नाही.

तीनेक वर्षांनी पुण्याच्या एका कंपनीनं त्याला बोलावलं. कॅन्टीनमध्ये दुपारी तो माझ्यासमोर येऊन बसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

“एक विचारायचं हाय. कुरुंदवाडात आई एकटी हाय, ती घर सोडायची न्हाय. इथं सगळं बसलंय. तिथं सगळं नवीन. जाऊ का नको?”

मी म्हणालो, “मला का विचारतोस?”

“दुसऱ्या कुणाला विचारलं तर गोड बोलतील,” तो म्हणाला. “तुम्ही माझ्यावर जळता. जळणारा माणूस बारीक बघतो. माझं काय चांगलं, काय कच्चं, हे तुमच्याइतकं कुणी बघितलेलं न्हाय.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. फळीवर काय आहे ते सांगावं तसं तो सांगत होता.

मी चहा संपेपर्यंत विचार केला. तो तिथं चमकणार हे मला दिसत होतं. तो गेला की खुर्ची माझी, हेही दिसत होतं. “जा,” मी म्हणालो. “इथं तू करायचं ते करून झालंय. आईला दर महिन्याला येऊन भेट.” तो बरं म्हणाला आणि उठला. महिन्याभरानं गेला. ते ‘जा’ त्याच्यासाठी होतं की माझ्यासाठी, हे मी कित्येकदा स्वतःला विचारलं. उत्तर दर वेळी वेगळं येतं.

खुर्ची मला मिळाली. लोक पुन्हा माझ्या दारात थांबायला लागले. चांगलं वाटायला हवं होतं. पण काचेतून बाहेर बघितलं की खिडकीवर बघण्यासारखं कुणी नव्हतं. त्याच्याहून सरस व्हायचं म्हणून मी रोज काहीतरी शिकत होतो; तेही थांबलं. घरी सुमन म्हणाली, “आता काय झालं? आता तर भावजी न्हाईत.”

चार-पाच महिन्यांनी पोस्टानं एक जाड पाकीट आलं. आत घड्या घातलेले छापील कागद, पुण्यात त्यानं लिहिलेला एक मोठा प्रोग्रॅम. सोबत दोन ओळींची चिठ्ठी. ‘चौगुले, इथं सगळे माझी स्तुती करतात. सवड मिळेल तेव्हा बघा आणि कळवा.’

मी दोन रविवार घराबाहेर पडलो नाही. जमिनीवर कागद पसरून, लाल पेन्सिल घेऊन, ओळ न् ओळ वाचली. काही ठिकाणी तो इतका पुढं गेला होता की मला तिसऱ्यांदा वाचून समजलं, आणि दर वेळी पोटात तीच जुनी कळ आली. तीन चुका सापडल्या. त्यांतल्या दोन किरकोळ होत्या, त्या मी लगेच पोस्टकार्डावर लिहून पाठवल्या. तिसरी मोठी होती. ती सुधारली की तो प्रोग्रॅम बिनचूक होणार होता. तीही कळवली, पण दोन दिवसांनी.